कोंड्यावर दिलेला जेफ्री

पानदरे गावच्या प्राथमिक शाळेच्या दाखल रजिस्टरात जून १९२८च्या पानावर सतरा मुलांची नावे आहेत. त्यांपैकी सोळा नावे जावळीच्या डोंगरी मुलखात कुठेही आढळावीत अशीच आहेत. अकराव्या ओळीवर मात्र ‘जेफ्री नाथाजी धनावडे, हिंदू मराठा, वय सहा’ अशी नोंद आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात मास्तरांनी, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने चेष्टा समजू नये म्हणून असेल, ‘नाव खरे आहे’ एवढेच लिहून ठेवले आहे.

हा शेरा ज्याच्याविषयी होता त्याने तो प्रथम वाचला तेव्हा तो बावन्न वर्षांचा झाला होता. १९७४च्या जानेवारीत जन्मतारखेच्या दाखल्यासाठी जेफ्री धनावडे मिरजेहून गावी आला होता. मिरजेच्या एका रुग्णालयाच्या नोंदखोलीत तो सत्तावीस वर्षे कारकून होता. रोग्याचे नाव, गाव, वय, दाखल झाल्याची तारीख, घरी सोडल्याची तारीख. ज्याला पुरावा नाही ते तो लिहीत नसे आणि एकदा लिहिलेले खोडत नसे. म्हणूनच मास्तरांचा शेरा त्याला खटकला. नाव खरे असल्याचे मास्तरांना त्याच्या बापाने सांगितले असणार. पण ते पुरते खरे नव्हते. त्याला आणखी एक नाव होते. ते त्याने कधी ऐकलेले नव्हते, आणि ते ठाऊक असलेले माणूस जगात एकच उरले होते, त्याची आई बायडाबाई. शाळेपासून शंभर पावलांवर, घराच्या ओट्यावर ती ऊन खात बसली होती.

मोतीबिंदूमुळे तिला आता माणसांच्या आकृत्याच तेवढ्या दिसत. तो आल्याचे तिने चालीवरून ओळखले.

“आलासा? कागुद मिळाला का तुमास्नी?”

“मिळाला, काकी.”

“बसा मंग. शेजारच्या लीलाबाईला च्या टाकाया सांगते.”

नव्या माणसाने हे ऐकले असते तर कुणी सरकारी पाहुणा आणि घरमालकीण यांचे बोलणे चालले आहे असेच त्याला वाटले असते. जन्मदात्री आई मुलाला ‘तुम्ही’ म्हणत होती आणि मुलगा तिला ‘काकी’ म्हणत होता. पन्नास वर्षांत यात एकदाही चूक झालेली नव्हती.

त्यामागची हकिकत १९२२ सालची आहे. तिला कागदाचा आधार नाही. चार माणसांनी सांगितलेले आहे आणि त्या चौघांचे तपशील जुळत नाहीत, पण काही गोष्टींवर चौघांचेही एकमत आहे. बायडाबाईची पहिली तिन्ही मुले वर्षाच्या आत गेली होती. चौथा मुलगा झाला. अशा वेळी पानदऱ्यात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर एक रीत पाळली जाई. मूल आईबापाचे राहिले तर मरण त्याचा माग काढत येते, म्हणून ते दुसऱ्याचे करून टाकायचे. बाराव्या दिवशी आईने त्याच्या कानात एक नाव सांगायचे. ते तिसऱ्या कुणी ऐकायचे नाही. तेराव्या दिवशी ते मूल परक्याच्या मांडीवर ठेवायचे. त्याने मूठभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचे, आपल्या मर्जीचे नाव द्यायचे आणि ‘माझं पोर तुमच्यात सांभाळाया ठेवतो’ म्हणून परत आईच्या हवाली करायचे. तिथून पुढे आईने त्याला आपले म्हणायचे नाही आणि त्यानेही तिला आई म्हणायचे नाही. बारा वर्षे भरली की विकत घेणाऱ्याने यायचे, आपला कोंडा परत न्यायचा आणि ‘तुझं तुला दिलं’ म्हणायचे. मग आईने कानातले नाव चारचौघांत मोठ्याने घ्यायचे, की पोर तिचे झाले. हे सारे सहज पार पडे, कारण विकत घेणारा गावातलाच असे: कुंभार, गुरव, नाहीतर दर्ग्याचा मुजावर.

नाथाजी धनावड्याने नेमका इथे घोळ घातला. मेसोपोटेमियाच्या लढाईवरून परतलेला नाथाजी त्या साली मोजणी खात्याच्या एका गोऱ्या साहेबाकडे शिपाई होता. साहेबाचा तंबू गावाबाहेरच्या माळावर पडलेला होता. नाथाजीचे म्हणणे असे, की कुंभाराच्या घरात मरण कधीही शिरेल, पण साहेबाच्या तंबूत चिठ्ठी आत पाठवल्याशिवाय मामलेदारालाही शिरता येत नाही. त्याने तेरा दिवसांचे पोर नेऊन साहेबाच्या मांडीवर ठेवले. साहेबाला रीत कितपत समजली हे सांगणे कठीण आहे. त्याने घोड्याच्या तोबऱ्यातला मूठभर कोंडा काढून दिला आणि नाव विचारले तेव्हा स्वतःचेच दिले. त्याचे नाव जेफ्री हॉलम होते. पोर जगले. साहेब १९२४च्या उन्हाळ्यात विलायतेला गेला. तो परत आला नाही.

बारा वर्षे भरली तेव्हा सोडवायला कुणी आले नाही. नाथाजी १९३८ साली वारला. तोबऱ्यातला कोंडा तोंडाला फडके बांधलेल्या गाडग्यात तुळईला टांगलेलाच राहिला.

जेफ्रीला लहानपणीचे आठवे ते मुख्यतः ताट. त्याला पाहुण्यासारखे आधी वाढले जाई आणि तो एकटा जेवे. आईबाप नंतर एकत्र बसत. तो तापाने पडला की बायडाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून शेजारच्या घरातल्या आपल्या जावेला, म्हणजे लीलाबाईच्या सासूला, विचारी, “साह्यबाच्या पोराला कसं हाय?” पुढे १९४१ साली तो पलटणीत कारकून झाला. हजेरी घेणारा सुभेदार त्याच्या नावाशी थांबे, रांगेवरून नजर फिरवी आणि म्हणे, “ह्यात गोरा कुठला रं?” रांग हसे. मिरजेला आल्यावर सोबतचे ख्रिस्ती कारकून त्याला पहिले काही रविवार प्रार्थनेला बोलवायला आले. हा हनुमान जयंतीचा प्रसाद वाटतो हे पाहून ओशाळले आणि पुन्हा आले नाहीत. लग्नासाठी तीन स्थळे पाहिली गेली. पहिल्या दोन्हींकडून ‘घर बाटलेलं हाय का?’ अशी चौकशी झाली. तिसऱ्या स्थळाकडचा बाप भला माणूस होता, नावाला हसून थेट बैठकीला येऊन बसला. सुपारी फुटण्याआधी त्याने सहज विचारले, “पोराची आई कोण यात?” बायडाबाई दारातच उभी होती. ती बोलली नाही. बैठकीत कुणीच बोलले नाही. पाहुण्याने दोन्हीकडे पाहिले आणि टोपी उचलली.

त्यानंतर जेफ्रीने स्थळे पाहू दिली नाहीत. मिरजेत एका तंबोरे करणाऱ्याच्या कारखान्यामागे त्याची खोली होती. कारागीर दिवसभर एकच तार छेडून ऐकत बसत, तिचा सूर भिंतीतून येई. संध्याकाळी कारखाना बंद झाला की खोलीत कसलाच आवाज उरत नसे. तो भाकरी करी, दोन खाई, सकाळसाठी एक झाकून ठेवी. साताऱ्याच्या शाळेत गेल्यापासूनच्या सवयीने तो दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आईला पत्र लिही. मायना ‘सौ. काकी’ असा सुरू होई तो नाथाजी गेल्यावर ‘श्रीमती काकी’ असा झाला, एवढाच काय तो इतक्या वर्षांतला बदल.

१९७३च्या दिवाळीत बायडाबाईच्या छातीत कफ दाटला आणि ती तीन आठवडे अंथरुणाला खिळली. ती बरी झाली, पण त्या तीन आठवड्यांत जेफ्रीच्या ध्यानात आले की ही गेली की ते नावही जाईल. रुग्णालयात त्याने हजारो माणसांची नावे लिहिली होती. स्वतःचे त्याला एकदा, तिच्या तोंडून, ऐकायचे होते. आपल्याला ती आपले म्हणते हे एकदा कानांनी ऐकायचे होते. यापलीकडे त्याची मागणी नव्हती.

रीत अशी होती की सोडवल्यावाचून नाव घेता येत नाही. तेव्हा त्याने सोडवणाऱ्याचा शोध सुरू केला. शाळेचा दाखला घेऊन परतल्यावर, फेब्रुवारी १९७४मध्ये त्याने हिंदुस्थानातून निवृत्त झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने पाहणाऱ्या लंडनच्या कचेरीला पत्र लिहिले. मोजणी खात्यातले जेफ्री हॉलम हयात आहेत काय, नसल्यास त्यांचे वारस कोण, हे विचारले आणि सोबत सारी हकिकत लिहिलेले एक बंद पाकीट त्यांना पोचवण्यासाठी दिले. उत्तर आले नाही.

उत्तराची वाट पाहत असताना त्याला सांगलीच्या वाचनालयात जाण्याची सवय लागली. तिथला ग्रंथपाल जालिंदर खराडे तिशीचा, चौकस आणि थट्टेखोर होता. त्याला ही सारी हकिकत ठाऊक होती.

“या जेफ्रीसाहेब,” ऑगस्टमधल्या एका रविवारी तो म्हणाला, “राणीचं काय उत्तर?”

“राणीला वेळ नाही. आज दुसरं काम आहे. माझ्या नावाचा अर्थ काय असतो, हे कुठं मिळेल?”

“बावन्न वर्षं अर्थाशिवायच वापरलंत?”

“तुम्ही जालिंदरचा अर्थ सांगा पाहू.”

जालिंदर हसत शिडी आणायला गेला. वरच्या फळीवरून त्याने इंग्रजी व्यक्तिनामांचा एक जाडजूड कोश उतरवला, त्यावरची धूळ झटकली आणि पान काढून बराच वेळ स्वतःशीच वाचत राहिला.

“शेवटचा भाग सरळ आहे,” तो म्हणाला. “जुन्या जर्मन बोलींतला ‘फ्रिड’. म्हणजे शांतता, तह. यावर सगळ्यांचं एकमत दिसतंय.”

“आणि पहिला?”

“पहिल्यावर भांडण आहे. एक पंडित म्हणतो, तो ‘गाउ’, म्हणजे मुलूख. दुसरा म्हणतो ‘वालाह’, म्हणजे परका, परमुलखातला. तिसरा म्हणतो ‘गीसल’. म्हणजे ओलीस. तह झाल्यावर शब्द मोडणार नाही याची खात्री म्हणून राजा स्वतःचं पोर समोरच्याच्या स्वाधीन करायचा, ते ओलीस. आपल्या बखरींत असले प्रसंग ढीगभर आहेत. आणि चौथा म्हणतो, हे नाव मुळात वेगळं नव्हेच, गॉडफ्री नावाचं रूप यात मिसळलंय. मग पहिला भाग देव.”

“यातलं खरं कुठलं?”

“कोश म्हणतो, निश्चित सांगता येत नाही.”

“मग छापलं कशाला?”

“सांगता येत नाही, हे कुणीतरी सांगायला नको का?” जालिंदरने पान उलटले. “आणि गंमत पाहा, हे नाव मुळात इंग्रजांचंसुद्धा नाही. नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून नॉर्मन लोक इंग्लंड जिंकायला गेले, त्यांच्याबरोबर ते तिकडं गेलं आणि तिथलंच होऊन राहिलं.”

जेफ्रीने खिशातून कागद काढला आणि सारी नोंद आपल्या एकसारख्या अक्षरात उतरून घेतली, आधी इंग्रजीत, खाली मराठीत. चारही अर्थांपुढे त्याने ‘अनिर्णीत’ असे लिहिले. तिसऱ्यापुढे लिहिताना तो थांबला.

“ओलीस ठेवून घेणारा माणूसच निघून गेला तर? त्या पोराचं काय होतं?”

जालिंदरने प्रामाणिकपणे पुन्हा एकदा खालच्या बारीक टिपा पाहिल्या. “ते यात नाही,” तो म्हणाला.

जानेवारी १९७५मध्ये तो कागद घेऊन जेफ्री पानदऱ्याला गेला. लंडनहून उत्तर येईल ही आशा त्याने जवळजवळ सोडली होती. गावात शिरतानाच त्याला चुलतभाऊ लालासाहेब भेटला. हा पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेला; त्याचीच बायको लीलाबाई शेजारच्या घरातून बायडाबाईचे सारे पाहत असे.

“काय साह्यब, विलायतेचं टपाल?”

“न्हाई रं.”

“आरं मंग तयार कर की गड्या! तू कारकून मानूस. चार वळी इंग्रजीत खरड, वर एक तिकीट डकीव. म्हातारीला काय कळतंय? मी वाचून दावतो पायजे तर. परेडची इंग्रजी मलाबी येतीया.”

“खोटी नोंद हुईल.”

“आन् कुनाच्या रजिस्टरात? तपासाया कोन येनार हाय तुझ्या घरात?”

जेफ्री पुढे चालू लागला. पण ओट्याच्या पायऱ्या चढताना खिशातल्या कागदावर वरच्या अर्ध्यात इंग्रजीच आहे, ही गोष्ट त्याच्या मनातून जाईना. बायडाबाई पुढ्यात सूप घेऊन हाताच्या अंदाजाने पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती.

“काकी, एक कागद आणलाय.”

तिचे हात थांबले. “साह्यबाचा?”

‘व्हय’ म्हणायला एका क्षणाचेही काम नव्हते. जेफ्रीने तिच्या तोंडाकडे पाहिले. त्यावर आनंद नव्हता, उत्सुकता नव्हती. गाडीखाली सापडू पाहणाऱ्या लेकराकडे पाहावे तशी ती ज्या दिशेने त्याचा आवाज आला तिकडे पाहत होती.

“न्हाई. पुस्तकातला हाय. माज्या नावाचा अर्थ लिवलाय त्यात.”

तिने श्वास सोडला आणि पुन्हा शेंग उचलली. “वाचा.”

त्याने सगळे वाचले. मुलूख सांगितला, परका सांगितला, ओलीस म्हणजे काय ते समजावले, देवाचीही शक्यता दिली. ती लक्षपूर्वक ऐकत होती.

“यवढ्याशा नावाला चार अर्थ, आन् चौघांचं भांडान,” ती म्हणाली. “मंग त्यांच्यातबी भावकी हाय म्हनायची.”

जेफ्रीला हसू आले. तीही हसली. तिला इतक्या जवळून हसताना त्याने किती वर्षांत पाहिले नव्हते. तेवढ्या धीरावर तो म्हणाला, “काकी, मी त्रेपन्नावर आलो. त्यो साह्यब काय आता जिता नसंल. गाडग्यातला कोंडा आपुनच नदीत सोडू. आन् तुमी माजं नाव सांगा. येकदाच. मी कुनाला सांगत न्हाई.”

तिने आणखी दोन शेंगा सोलल्या.

“तीन गेली,” ती म्हणाली. “तिगांस्नीबी म्या पोटाशी धरलंवतं. माजा राजा म्हनलं, माजा सोन्या म्हनलं, नावानं हाका मारल्या. ऐकनारा ऐकत हुता. तुमास्नी न्हाई म्हनलं. तुमी हायसा.”

“पोरं तवा रोगानं जायची, काकी. मी दवाखान्यातल्या नोंदी बघतो. तिगंबी येकाच रोगानं गेली आसतील. नावाचा काय संबंद न्हाई त्यात.”

“आसंल. तुमी शिकल्यालं. पर मला परीक्षा बगायची न्हाई.”

“आवं पर बावन्न वर्सांच्या मानसाला न्हेऊन कुनाला काय मिळनार हाय?”

“बावन म्हंजे काय वय झालं? माजा बा नव्वदीत गेला.” तिने सूप बाजूला सारले. तिचा आवाज खाली आला. “त्यो सोडवाया आला तर माजा विलाज न्हाई. रीतच हाय. नाव घ्यावंच लागंल मला, आन् मंग तुमी उगडं पडनार. दारात कुत्रं भुकलं की आजूनबी काळजात धस्स हुतं, आला वाटतं. लालासाह्यब म्हनला तुमी विलायतेला लिवलंय. तवाधरनं अन्न गोड लागंना.”

जेफ्रीने कागद घडी करून खिशात ठेवला. परतताना साताऱ्याच्या बसमध्ये, मग मिरजेच्या गाडीत, मग खोलीत, त्याला राग येत राहिला. तिने त्याला जगवले होते, हे त्याला आता कळले होते. आजवर त्याला वाटत आले होते की ती केवळ रीत पाळते. पण अशा रीतीने जगायचे आहे का, हे त्याला कुणी विचारले नव्हते. बारा वर्षांचा असताना विचारले असते तर त्याने काय सांगितले असते? लीलाबाईच्या सासूच्या कुशीत तिची पोरे निजत ते उंबऱ्यातून पाहणाऱ्या त्या पोराने, मरण आले तरी चालेल पण मला तिकडे निजू द्या, असेच सांगितले असते. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी त्याने गावी पत्र लिहिले नाही. मार्च आणि एप्रिलचेही चुकवले.

एप्रिलच्या मध्यावर दुपारी नोंदखोलीत टपाल आले. पाकिटावर परदेशी तिकीट होते. पत्र हॉलमच्या मुलीचे होते. वडील १९५१ साली वारले. पेन्शन कचेरीने पाकीट तीन पत्त्यांवर फिरवून अखेर तिला पोचवले होते. वडिलांच्या १९२२च्या रोजनिशीत तिला एक नोंद सापडली होती. ती तिने जशीच्या तशी उतरून पाठवली होती. ‘शिपायाने आपले तान्हे मूल माझ्या मांडीवर ठेवले. मूठभर कोंडा दिला. त्याला माझे नाव दिले असे दिसते. आई दूर उभी होती, तिच्याकडे पाहवले नाही. हे सारे कशासाठी ते कुणाला तरी नीट विचारले पाहिजे.’ त्यांनी विचारले की नाही हे तिला माहीत नव्हते. पुढे त्याविषयी काही लिहिलेले नव्हते. शेवटी तिने लिहिले होते: आपण म्हणता तो हक्क माझ्या वडिलांकडून माझ्याकडे आला असेल, तर मी तो सोडते. आपण आपल्या आईचे आहात. कोंडा कृपया नदीत सोडावा.

त्याने पत्र चार वेळा वाचले. तारीख होती, सही होती, पत्ता होता, मूळ दस्तऐवजाचा उतारा होता. त्याच्या आयुष्यात इतका निर्दोष पुरावा कुठल्याही गोष्टीला मिळाला नव्हता. आता त्याने फक्त जाऊन हे वाचून दाखवायचे होते. ती नाही म्हणू शकली नसती, हे तिनेच सांगितले होते.

तो लगेच गेला नाही. तीन आठवडे पत्र उशाखाली होते. जालिंदरने ‘राणीचं काय?’ म्हणून विचारले तेव्हा त्याने विषय बदलला. कामावर रोज एखादे तान्हे दाखल होई आणि नाव विचारले की आई ते सांगे, मोठ्याने, न घाबरता; तो लिहून घेई आणि पेन खाली ठेवून क्षणभर थांबे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो पानदऱ्याला गेला. पत्र त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होते. काय करायचे हे त्याने ठरवले होते, असे म्हणता येणार नाही. लीलाबाईने त्याला दारातच गाठले.

“आवं भावजी, काकी निम्म्या झाल्यात. तुमचं टपाल न्हाई, काय न्हाई. घास फिरत न्हाई त्यांच्या तोंडात. रोज इचारत्यात, विलायतेचं काय कळलं का?”

बायडाबाई आत भिंतीला टेकून बसली होती. तिची मनगटे चुलीतल्या काटक्यांसारखी झाली होती. चोळीच्या बाह्या ढिल्या पडल्या होत्या. त्याची चाहूल लागताच ती सावरून बसली.

“आलासा? बरं हाय न्हवं? चार म्हैनं कागुद न्हाई तुमचा.”

“काम लय हुतं.”

“व्हय. काम आसतंच.” तिने पदर सारखा केला. “विलायतेचं काय कळलं का?”

खिशातला कागद त्याच्या छातीला लागत होता.

“कळलं, काकी. त्यो साह्यब पंचवीस वर्सांमागं वारला.”

“आन् त्येचं कुनी?”

“कुनी न्हाई.”

“कुनीच न्हाई? चौकशी केलीसा?”

“केली. नोंद न्हाई कुठं. आता सोडवाया येनारं कुनी उरलं न्हाई.”

नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत हातात पुरावा असताना त्याच्याविरुद्ध त्याने कधी काही सांगितले नव्हते. बायडाबाईने दोन्ही हात जमिनीवर टेकले. तिला रडू आले की काय असे त्याला वाटले. पण तिने मान वर केली तेव्हा ती लीलाबाईला हाक मारत होती.

“लीलाबाई, भाकरी हाय का गं? आन् ठेचा? आन् आदी पाव्हन्यास्नी वाढ.”

त्याला आधी वाढले गेले. तो एकटा जेवला. मग ती जेवली. लीलाबाईने बोटे दाखवून सांगितले, अडीच भाकरी.

दुपारच्या एसटीला ती फाट्यापर्यंत आली. इतक्या वर्षांत ती कधी आली नव्हती, आणि त्या अशक्तपणात येऊही नये असे लालासाहेब दहा वेळा म्हणाला. पण ती लीलाबाईच्या खांद्यावर हात ठेवून चालत राहिली. गाडी धुरळा उडवत येऊन उभी राहिली. जेफ्री खिडकीपाशी बसला. बायडाबाई चाचपडत दाराशी गेली आणि कंडक्टरच्या बाहीला तिने धरले.

“आवं मास्तर, ह्ये मिरजंला जानार हायत. साताऱ्यात गाडी बदलाया लावा. लोकाचं पोर हाय. जपून न्या.”

गाडीतली माणसे वळून पाहू लागली. पुढच्या बाकावरचा एक पैलवान हसून म्हणाला, “म्हातारे, पोराचं केस पिकल्यालं हायत की!”

“पिकू देत,” बायडाबाई म्हणाली. “आनखी पिकू देत.”

कंडक्टरने घंटी दिली.